कोण कोणाला सांभाळतंय: एका ताईची आणि तिच्या आईची केस

आधीच सांगते, गाव, संस्था, माणसं यातलं एकही नाव इथे नाहीये आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक दोन-चार गोष्टी बदलल्यात. घरच्यांना विचारून लिहिलंय. जिच्याबद्दल आहे तिलाही विचारलं, फोटो समोर ठेवून थोडक्यात सांगितलं काय लिहिणार आहे ते. तिला मी इथे ताई म्हणणार आहे, का ते पुढे येईल. मी बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका कार्यशाळेत सोशल वर्कर आहे, पश्चिम महाराष्ट्रात, तालुक्याच्या गावी.

पार्श्वभूमी

ताईचा जन्म १९८५ चा. डाऊन सिंड्रोम, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, सिव्हिलचं ७५ टक्क्यांचं सर्टिफिकेट, त्यावर जुन्याच पद्धतीने मतिमंद असं लिहिलेलं. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, आई घरी, एक मोठा भाऊ, तो पुण्यात नोकरीला. ताई विशेष शाळेत गेली, अठरा पूर्ण झाल्यावर शाळा संपली आणि मग सहा वर्षं घरीच. हे सगळीकडे होतं बघा, अठराव्या वर्षापर्यंत काहीतरी असतं आणि मग एकदम काहीच नसतं. मुंबईत जय वकील ही संस्था १९४४ पासून आहे, पुण्यात कामायनी ही संस्था १९६४ पासून आहे, मोठ्या शहरात निदान चार दारं तरी ठोठावता येतात, तालुक्याला एक कार्यशाळा असली तरी नशीब. आमची २००९ ला सुरू झाली आणि ताई पहिल्या बॅचला आली.

बारा-तेरा वर्षांत तिने आमच्याकडे काय केलं? अगरबत्ती मोजून पुड्यात भरणं, दिवाळीच्या पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या. अगरबत्तीसाठी आम्ही खाचा पाडलेली लाकडी फळी केली होती, वीस खाचा भरल्या की एक पुडा, म्हणजे आकडे येत नसले तरी चुकत नाही. ती फळी ताई छान वापरायची. पण आज मागे वळून बघताना वाटतं की तिला ते काम आवडतं का हे आम्ही बारा वर्षांत एकदाही नीट विचारलं नाही, कार्यशाळेत अगरबत्ती होती म्हणून ती अगरबत्ती करत होती, इतकंच. आणि आम्ही सगळे तिला छकुली म्हणायचो. पस्तिशी उलटलेल्या बाईला.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, कार्यशाळा बंद. जवळजवळ दोन वर्षं. या काळात काही गोष्टी ती विसरली, एकटीने रिक्षास्टँडपर्यंत यायची ते गेलं. पण एक नवीन आलं जे आम्हाला माहीतच नव्हतं: काकूंनी (म्हणजे तिची आई, आम्ही काकूच म्हणतो) तिला कणीक मळायला शिकवलं. घरात करायला दुसरं काही नाही म्हणून.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत वडील गेले. हॉस्पिटलमध्ये नेले ते परत आलेच नाहीत, ताईने त्यांना शेवटचं बघितलं नाही. तिला कोणी धड सांगितलंही नाही, बाबा गावाला गेलेत असं सांगितलं होतं, आणि मग ती रोज संध्याकाळी पाच वाजता फाटकापाशी उभी राहायची. हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

आमचं पहिलं चुकलेलं वाचन

फेब्रुवारी २०२२ ला कार्यशाळा पुन्हा सुरू झाली. ताई आली ती वेगळीच. बसल्या जागी डोळे मिटायची, बोलणं जवळपास बंद, आवाज जाडा झालेला, वजन वाढलेलं, एक पुडा भरायला अर्धा तास. आम्ही स्टाफ मीटिंगमध्ये बसून ठरवलं की हा वडील गेल्याचा धक्का आहे आणि दोन वर्षं घरी बसल्यामुळे सवय गेली आहे. वेळ द्यायचा, असं ठरलं. निदेशक मॅडमना (कार्यशाळेत काम शिकवतात त्या) मधेमधे वाटायचं की थोडा आळसही आहे, मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार महिने आम्ही वेळ देत बसलो. जूनमध्ये खोकला आला म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हाताची कोरडी कातडी बघितली आणि विचारलं, थायरॉईड शेवटचं कधी तपासलंय? फाईल काढली तर २०१७. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्तचाचणी, करून घेतली, खूपच वाढलेली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली.

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, वर्षातून एकदा तपासायचं असतं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. तरी विसरलो. कारण माणूस बौद्धिक दिव्यांग असला की त्याचं काहीही बिघडलं तरी आपण ते दिव्यांगत्वाच्या किंवा स्वभावाच्या खात्यावर टाकतो. दुःख होतंच, ते खरंच होतं, पण दुःखाच्या आड थायरॉईड लपलं. या चार महिन्यांची किंमत नुसती चार महिने नव्हती, पुढे दिसेलच.

अडचण उभी राहिली ती अशी

जुलैत पावसात अंगणात शेवाळावरून काकू घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन, बारा दिवस तिथेच. ताई त्या दिवसांत शेजारच्या मावशींकडे. मग काकू वॉकर घेऊन घरी आल्या, वय अडुसष्ट.

भाऊ (आम्ही दादा म्हणतो) गणपतीला घरी आला आणि त्याने मला फोन करून बोलावलं. घरात बैठक बसली: दादा, वहिनी, मामा, काकू खाटेवर, आणि मी. दादाचं म्हणणं सरळ होतं, मी आईला पुण्याला नेतो आणि छकुलीला चांगल्या निवासी संस्थेत ठेवतो, मी दोन ठिकाणं बघून आलोय, एका ठिकाणी जागा होतेय, डिपॉझिट पाच लाख आणि महिना चौदा हजार, बाबांचे पैसे आहेत त्यातून होईल. तो हे टाळायला म्हणून बोलत नव्हता. रात्र-रात्र झोपला नव्हता तो, चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, मॅडम, ती आता काहीच करत नाही हो, नुसती बसून असते, आईला उठता येत नाही, मग कोण कोणाला सांभाळणार?

आता बघा, त्याने ताईला जे बघितलं होतं ते मधल्या सहा-सात महिन्यांत, वडिलांच्या वर्षश्राद्धाला आणि मग आईच्या ऑपरेशनच्या वेळी. म्हणजे थायरॉईड सगळ्यात वाईट असताना. गोळी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तिच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा निर्णय तिच्या सगळ्यात आजारी दिवसांवरून होणार होता, आणि त्यात आमच्या कार्यशाळेचा वाटा होता.

दोन तास ही चर्चा चालली. ताई कुठे होती? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. कोणी तिला आत बोलावलं नाही, मीही नाही. मधेच ती उठली, काकूंच्या खाटेखालचा निळा डबा काढला, तांब्या-भांडं घेऊन आली आणि काकूंसमोर धरलं. चार वाजले होते, गोळीची वेळ. काकू बोलता बोलता गोळी घेतात, भांडं परत देतात, ताई परत उंबऱ्यात. कोणाचं लक्षही नाही.

मी तिथेच म्हटलं, पंधरा दिवस थांबा, काही ठरवू नका. वहिनी म्हणाल्या, पंधरा दिवसांनी काय बदलणार आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं पण मला ती चार वाजताची गोळी सोडत नव्हती.

पर्याय तोलताना

पुढच्या आठवड्यात मी आणि निदेशक मॅडम आलटून पालटून त्या घरी जाऊन बसलो, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आणि काकूंच्या दिवसात दुसऱ्या माणसाची गरज लागते अशी प्रत्येक गोष्ट लिहून काढली. एकोणीस कामं निघाली. त्यातली अकरा ताई करत होती. वॉकर खाटेजवळ आणून ठेवणं, चप्पल पायात घालणं, बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहणं, पाणी भरणं, पायाला तेल लावणं, कपडे वाळत घालणं, कणीक मळणं, असं. उरलेली आठ जमत नव्हती: गॅस, पैसे, फोन, गोळ्यांचा डबा भरणं, अंघोळीला आधार, बाजार, दवाखाना, आणि रात्री काही झालं तर काय करायचं ते.

दादाला हा कागद दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, हे आईने कधी सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, त्यात सांगायचं काय, ती करतेच.

तिथून प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता की या दोघींना कुठे ठेवायचं. आता झाला की या आठ कामांचं काय करायचं.

तरी पर्याय सगळे प्रामाणिकपणे तोलले. पुण्याला दोघींना न्यायचं म्हटलं तर दादाचं घर वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वहिनींची नोकरी, एक मुलगा दहावीला. काकू एकदा वर चढल्या की खाली येणं नाही, आणि दिवसभर दोघी बंद दाराआड. वहिनींनी स्पष्ट सांगितलं की मला जमणार नाही, मी खोटं हो म्हणून सहा महिन्यांनी चिडचिड करण्यापेक्षा आत्ताच सांगते. मला त्यांचं हे बोलणं फार मोलाचं वाटलं, कारण अशा बैठकांत सुनेने नाही म्हणणं सोपं नसतं आणि सगळी गणितं सहसा तिच्या न बोलण्यावर मांडलेली असतात.

निवासी संस्थेबद्दल माझ्या मनात आकस नाहीये. काही घरांना तोच योग्य रस्ता असतो आणि आई-वडिलांच्या पश्चात अनेकांना तोच उरतो. पण ताई काकूंशिवाय हॉस्पिटलचे ते बारा दिवस सोडले तर एकही रात्र राहिली नव्हती. वडील न सांगता गेले, आता घर आणि आई दोन्ही एकदम.

ताईचं मत घ्यायचं ठरलं. नुसतं विचारून उपयोग नसतो, कारण बऱ्याचदा आपण जे शेवटी बोलतो त्यालाच हो येतं, किंवा समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो येतं. म्हणून फोटो काढले: तिचं घर, आई, मावशी, कार्यशाळा, दादाचं घर, ती संस्था. तीन ताटल्या: हवं, नको, माहीत नाही. आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी केलं, फोटोंचा क्रम दरवेळी बदलून. घर आणि आई तिन्ही वेळा हवंमध्ये. संस्थेचा फोटो पहिल्यांदा हवंमध्ये गेला, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा माहीत नाही. नंतर लक्षात आलं की फोटोत झोका होता. म्हणजे तिने संस्था नाकारली असं आम्ही म्हणू शकत नव्हतो. म्हणून दादा आणि मी तिला तिथे एक दिवस घेऊन गेलो. छान रमली, जेवली, झोक्यावर बसली. चार वाजता उठली, चप्पल घातली आणि दादाचा हात ओढला, चल, आईची गोळी.

परतीच्या गाडीतच दादाने सांगितलं, एक वर्ष घरी ठेवून बघू.

काय काय केलं

आठ कामं वाटून घेतली. सकाळी दोन तास एक बाई, काकूंची अंघोळ आणि स्वयंपाक, महिना साडेतीन हजार. रात्री झोपायला शेजारच्या मावशी, त्या एकट्याच असतात, त्यांना अडीच हजार. मावशी पैसे नको म्हणत होत्या, आम्ही आग्रह धरला, कारण उपकारावर चाललेली व्यवस्था कधी थांबेल ते सांगता येत नाही आणि थांबली तर जाबही विचारता येत नाही. निम्मा खर्च काकूंच्या पेन्शनमधून, निम्मा दादाकडून. गोळ्यांचे डबे दादा दर दुसऱ्या शनिवारी येऊन भरतो, सकाळचा पिवळा, चारचा निळा, रात्रीचा लाल. गॅसला ताईने हात लावायचा नाही, चहासाठी आपोआप बंद होणारी किटली.

फोनवर सगळ्यात जास्त वेळ गेला. फोटो लावलेली तीन बटणं: मावशी, दादा, मी. आई पडली असं सोंग करायचं, काकू खाटेवर डोळे मिटून पडणार, ताईने बटण दाबायचं. शेवटच्या पायरीपासून उलट शिकवलं, म्हणजे आधी फक्त बटण दाबणं, मग फोन उचलून दाबणं, मग दुसऱ्या खोलीतून येऊन दाबणं. दोन महिने लागले.

जानेवारी २०२३ ला खरंच वेळ आली, सकाळी मावशी घरी गेलेल्या, काकूंना चक्कर आली, उलटी झाली, उठता येईना. ताईने बटण दाबलं. फोन लागला नाही, रिचार्ज संपला होता. एवढी तालीम केली आणि रिचार्ज कोणाच्याच यादीत नव्हता. ताईने काय करायचं? तिला आम्ही पुढचं शिकवलंच नव्हतं. तिने काकूंचा वॉकर उचलला, उचलून मावशींच्या दारात नेला आणि तिथे ठेवून उभी राहिली. बोलली काहीच नाही. मावशींनी रिकामा वॉकर बघितला आणि पळत आल्या. त्या दिवसापासून फोन न लागल्यास वॉकर हा आमच्या कागदावरचा अधिकृत दुसरा उपाय आहे, पण तो आमचा नाही, तिचा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट (बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठीची केंद्र सरकारची संस्था) च्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करावा लागतो, हे बहुतेक घरांना तेव्हा कळतं जेव्हा बँक अडवते. इथेही तेच. नोव्हेंबर २०२२ ला अर्ज, जून २०२३ ला सर्टिफिकेट, काकू आणि दादा दोघांच्या नावे. त्याबरोबर नॅशनल ट्रस्टच्याच निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा काढला. आणि राज्याच्या पेन्शन नियमांप्रमाणे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अशा अपत्याला कुटुंब निवृत्तीवेतन हयातभर मिळू शकतं, त्यासाठी काकू हयात असतानाच ताईचं नाव लावायची धडपड सुरू केली.

कामाचा निर्णय

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर.

घरापासून तीनशे पावलांवर एका महिला बचत गटाचं पोळीभाजी केंद्र आहे. डिसेंबरमध्ये काकू सहज म्हणाल्या, हिला कणकेत हात घालायला मिळाला की दिवसभर खूश असते. आमच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. निदेशक मॅडमचा विरोध होता, कार्यशाळेत सुरक्षित आहे, तिथे गरम तवे, गिऱ्हाइकं, घाई. आणि पटसंख्येचा विचार आमच्या कोणाच्या मनात नव्हता असं मी म्हणणार नाही, एक एक असं बाहेर गेलं तर संस्थेचं कसं चालायचं, हा विचार होता, आणि तो लाभार्थीच्या हिताचा नव्हता.

शेवटी प्रयोग म्हणून सकाळी दहा ते साडेबारा. काम एकच: पोळ्यांचे उंडे करून देणं. मळणं मशीनवर व्हायचं. सगळे उंडे सारखे यायला हवेत म्हणून एक छोटी वाटी, दाबून भरायची, कड बोटाने साफ करायची, काढायची, गोल करायची. निदेशक मॅडम (विरोध असूनही) तीन आठवडे रोज तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, पहिल्या आठवड्यात हाताला हात लावून, दुसऱ्यात फक्त बोलून, तिसऱ्यात दारात बसून. चौथ्या आठवड्यात आमच्यातलं कोणी गेलंच नाही. ते फार लवकर झालं.

चौथ्या आठवड्यात पूजेची तीनशे पोळ्यांची ऑर्डर होती. गडबड, आवाज, कोणीतरी मागून ओरडलं, आटप गं लवकर. ताईने वाटी खाली ठेवली आणि निघून गेली. कोणाला कळलंच नाही, अर्ध्या तासाने लक्षात आलं. पावणेतीन तास सगळं गाव शोधत होतं, दादा पुण्याहून निघाला. सापडली ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात, जिथे वडील शिकवायचे, पायरीवर बसून होती.

त्या रात्री दादा मला फोनवर जे बोलला ते बरोबर होतं. आम्ही तिची सोबत थांबवताना फक्त कामाची तयारी बघितली होती, उंडे येतात, वेग आलाय, चुकत नाही. पण त्रास झाला तर काय करायचं हे शिकवलं नव्हतं आणि तिथल्या बायकांनाही सांगितलं नव्हतं. काम थांबवायचं का? केंद्रातल्या बायकांना विचारलं तर त्यातली जी ओरडली होती तीच म्हणाली, थांबवू नका, आम्हाला सांगा कसं बोलायचं. ताईला दोन ताटल्या दिल्या, हवं आणि नको, केंद्राचा फोटो हवंमध्ये. तिन्ही दिवस.

मग पुन्हा सुरुवात, यावेळी सहा आठवडे सोबत. भिंतीजवळ एक स्टूल ठेवलं, त्रास झाला की वाटी उलटी ठेवायची आणि स्टुलावर जाऊन बसायचं, कोणी काही विचारायचं नाही. मोठ्या ऑर्डरच्या दिवशी तिने यायचंच नाही किंवा लवकर येऊन निघायचं. गळ्यात नाव-नंबराचं कार्ड.

पगाराचा विषय निघाला तेव्हा गटाच्या अध्यक्ष चांगल्या मनाने म्हणाल्या, तिला काय पैशातलं कळतं, आम्ही रोज जेवणाचा डबा देऊ. मी नाही म्हटलं. बाकीच्यांना पोळीवर पैसे मिळतात तर हिला उंड्यावर मिळायला हवेत. खूप चर्चा झाली, उंड्याला तीस पैसे ठरले, रोजचे अडीचशेच्या आसपास होतात, म्हणजे पंच्याहत्तर रुपये, आठवड्यातून पाच-सहा दिवस, महिन्याला सतराशे-अठराशे. दादाला भीती होती की कमाई दाखवली तर पुढे पेन्शनला अडचण येईल. ही भीती खूप घरांत असते आणि त्यापायी माणसं घरी बसवली जातात. आम्ही केंद्राकडून मिळकतीचं पत्र घेऊन फाईलला लावलं, एवढ्या पैशात कोणाची उपजीविका होत नाही हे कागदावर असलेलं बरं, लपवाछपवी नको.

आणि नावाचं. केंद्रावर डबा न्यायला कॉलेजची पोरं येतात. पहिल्याच महिन्यात त्यातला एक म्हणाला, ताई, दोन पोळ्या जास्त द्या. तिने मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय ते. मग हसली. त्या संध्याकाळी घरी येऊन काकूंना म्हणाली, मी ताई. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत कोणीतरी छकुली हाक मारली तर वळलीच नाही. तेव्हापासून आमच्याकडेही ताई.

आज काय आहे

दोन वर्षं होऊन गेली. काकू आता काठीवर चालतात. ताई सकाळी केंद्रावर, दुपारी आठवड्यातून दोनदा कार्यशाळेत, मैत्रिणींसाठी. टीएसएच दर सहा महिन्यांनी. पगार खात्यात जातो, त्यातले दोनशे रोख तिच्या डब्यात. त्यातून तिने पहिली ठरवून केलेली गोष्ट म्हणजे फोनचा रिचार्ज. अठ्ठावीस दिवसांनी कालनिर्णयवर लाल गोल असतो, त्या दिवशी ती कार्ड आणि पैसे घेऊन मोबाईलच्या दुकानात जाते. जानेवारीतला तो न लागलेला फोन तिला किती समजला होता मला माहीत नाही, पण रिचार्ज एकदाही चुकलेला नाही.

सगळं छान झालंय असं नाही. पेन्शनचं काम अजून लटकलंय. वडील गेलेत हे तिला नीट सांगायला आम्ही दोन वर्षं लावली, शेवटी काकूंनीच फोटोला हार घालताना तिच्याकडून हार घालून घेतला, नंतर पाच वाजता फाटकापाशी उभं राहणं हळूहळू थांबलं. हे पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. आणि डाऊन सिंड्रोममध्ये चाळिशीनंतर विसराळूपणाचा आजार लवकर येऊ शकतो, त्यामुळे आता वर्षातून एकदा तिला आज काय काय येतं याची यादी आणि व्हिडिओ करून ठेवतो, म्हणजे उद्या काही कमी झालं तर आळस म्हणून सोडून देणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, एकोणीस कामांचा तो कागद वडील हयात असताना करता आला असता. कोणीही पडायच्या आधी. आम्ही तेरा वर्षांत तिचे कौशल्यांचे किती तक्ते भरले, त्यात दात घासणं होतं, बटण लावणं होतं, पण ती घरात दुसऱ्यासाठी काय करते हा रकानाच नव्हता. आता आहे, प्रत्येकाच्या फाईलला.

पालकत्वाबद्दल माझं मन अजून पूर्ण तयार नाही. आम्ही बँकेच्या घाईत पूर्ण पालकत्वाचा अर्ज केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, म्हणजे ठराविक निर्णयापुरतं आणि त्या माणसाला बरोबर घेऊन. त्यावर घरच्यांशी बसून बोलायला हवं होतं. व्यवहारात दादा तसंच वागतो, पण ते दादा चांगला आहे म्हणून.

आणि काकूंनंतर काय, याची तालीम फार उशिरा सुरू केली. आता दर तीन महिन्यांनी ताई दोन रात्री बाहेर राहते, एकदा दादाकडे, एकदा त्या झोक्याच्या संस्थेत. पहिल्यांदा रात्रभर जागी होती. चौथ्यांदा झोपली. जाताना निळा डबा बरोबर नेते, रिकामा, आणि चारला मावशींना फोन लावते, गोळी दिली का.

सध्याचा प्रश्न मावशींचा आहे. मे महिन्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार, तीन आठवडे रात्री कोणी नाही. त्यासाठी येत्या रविवारी बैठक आहे, काकूंच्या घरी, अकरा वाजता. यावेळी खुर्च्या सहा मांडायच्यात, ताईची धरून. तिला कळवलंय. ती म्हणाली, उंडे झाले की येते.